तडकलेला डॅशबोर्ड काढताय? मग हे आधी वाचा

काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. पुढच्या सीट आधी काढूनच टाका. चार-चार बोल्टांचा प्रश्न, पण पाठ वाचते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. एअरबॅग असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ जाऊ द्या, मगच तिच्या कनेक्टरला हात लावा.

खरी कसरत स्पीडोमीटरच्या मागे असते. जुन्या गाडीत केबल मागून नटाने किंवा खटक्याने बसवलेली असते. मीटर जेमतेम दोन बोटं पुढे येतो, तेवढ्या फटीतून हात घालून चाचपडतच ती सोडवायची. मीटर हिसकलात तर केबल तरी जाईल नाहीतर मागचं सॉकेट. स्टिअरिंग कॉलम थोडा खाली उतरवला की जागा होते. प्रत्येक वायरला मास्किंग टेप लावून नाव लिहा. नुसत्या फोटोंवर विसंबू नका, फोटोत सगळ्या वायरी सारख्याच काळ्या दिसतात.

डॅश हलेना? जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलाय. काचेच्या कडेला, डिफ्रॉस्टरच्या (काचेवर हवा सोडणाऱ्या) जाळीखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या आत बघा. उन्हाने वाळलेलं प्लॅस्टिक लगेच मोडतं, म्हणून क्लिपा हेअर ड्रायरने कोमट करून काढा.

तडे झाकायला वरून चिकटवायची कव्हरं मिळतात. मला ती पटत नाहीत, पण बजेट नसेल तर चालतील.

डॅश बाहेर आहे तोवर हीटर कोअर (केबिनची हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) आणि त्याचे होज म्हणजे रबरी पाइप तपासा. नवा डॅश आधी स्क्रू न लावता नुसता बसवून भोकं जुळतात का पाहा, मगच मीटर आणि हवेचे डक्ट त्यावर चढवा.