इतकी वर्षं संशोधन केलं, पण आईची धाप काही थांबली नाही

संशोधन करणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा विषय कुठलाही असो, थोड्या वेळात एकच गोष्ट बाहेर पडते, की माझ्या कामाचा कुणाला काही उपयोग झालाय का? आणि घरात तोच आजार असेल तर हे फारच टोचतं. इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसले. ही गोष्ट त्यांच्यातल्याच एकीची, जिच्या आईला अस्थमा आहे. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती अस्थमावर काम करते, म्हणजे आयन चॅनल्सवर. पेशीच्या आवरणात प्रोटीनची बारीक दारं असतात, त्यातून पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड ये-जा करतात, हे मला तिनंच शिकवलं. श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूत पोटॅशियमचं दार उघडलं की स्नायू सैल पडायला मदत होते, तिची सगळी वर्षं त्या एका दारापाशी गेलेली. केसापेक्षा कितीतरी बारीक टोकाची काचेची नळी पेशीला टेकवायची, हलकीशी ओढ द्यायची, घट्ट चिकटली तर रीडिंग मिळतं, नाहीतर नवी पेशी घ्या. या पॅच क्लॅम्प पद्धतीनं चॅनल्सचं काम उलगडलं म्हणून नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांना 1991 चं नोबेल मिळालं, हे सांगताना तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"दिवसभर पेशी फुटत राहतात मॅडम, आणि तिकडे आई रात्रभर उशीला टेकून बसलेली असते."

मी आधी कामाच्या बाजूनं गेले. विचारलं, एखाद्या चॅनलच्या अभ्यासातून औषध निघालंय का कधी? ती धडाधड बोलायला लागली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं चॅनल बिघडतं, फुप्फुसातला कफ चिकट होतो, त्याचं जनुक सापडलं 1989 मध्ये, त्या चॅनलवरच काम करणारं पहिलं औषध आलं 2012 मध्ये, तेही सुरुवातीला थोड्याच पेशंटना चालणारं, आणि बहुतेकांना उपयोगी पडेल असं तीन औषधांचं कॉम्बिनेशन यायला 2019 उजाडलं.

"मग 2000 साली त्या चॅनलवर राबणाऱ्यांचं काम वाया गेलं?"

"छे हो, त्यांच्यामुळेच तर…" आणि गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "पण त्यांची आई नव्हती ना वाट बघत."

तिथे मला उमगलं की हा प्रश्न संशोधनाचा नाहीच. पुढच्या वेळी मी लॅबचा विषयच काढला नाही.

"आईला धाप लागली की तुम्ही काय करता?"

बराच वेळ गेला. "लॅपटॉप उघडते. नवीन पेपर्स शोधते."

"आई इनहेलर कसा घेते, मला करून दाखवता?"

तिनं हात तोंडापाशी नेला आणि तो अर्ध्यावरच थांबला. श्वास आधी सोडायचा ते बरोबर होतं, पण आई तसं करते का? किती वेळ रोखते? "मला माहीतच नाही," ती म्हणाली. "मी कधी बघितलंच नाहीये." आणि रडायला लागली.

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला पटलेली गोष्ट ही, की अपराधीपणा माणसाला आजाऱ्याजवळ नेत नाही, लांब पळवतो. तिला वाटायचं मी आईसाठीच राबतेय, पण आईकडे बघणं सहन होत नव्हतं म्हणून ती पेशीकडे बघत होती. मी तिला सल्ला दिला नाही, फक्त म्हटलं, या आठवड्यात एकदा शेजारी बसून बघा, सुधारायला जाऊ नका.

बघितल्यावर कळलं की आई फक्त धाप लागल्यावरचाच पंप घेत होती, रोजचा तसाच पडून, का तर "रोज घेतला की सवय लागते". आता स्नायू तात्पुरता सैल झाला तरी आतली सूज तशीच राहते, ती रोजच्या स्टेरॉइडवाल्या इनहेलरनं आटोक्यात येते आणि नुसत्या तात्पुरत्या पंपावर राहणं धोक्याचं, हे हिच्याइतकं कुणाला माहीत असणार! पण घरात कधी विषयच निघाला नव्हता. दोघी मिळून आईच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या.

तुमचंही असं असेल तर कामाकडून घरचं कर्ज फेडून घ्यायला जाऊ नका, काम त्याच्या गतीनंच होणार. घरी गेलात की तज्ज्ञ म्हणून नको, मुलगी किंवा मुलगा म्हणून बसा. "औषध घेतलंस का" हा प्रश्न दिवसातून दहादा विचारण्यापेक्षा "कशाची भीती वाटते" हे एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मध्ये माहिती देऊ नका. औषध बदलणं, बंद करणं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

तिनं लॅब सोडली नाही, पेशी अजूनही फुटतातच. महिन्याभरानं एक फोटो पाठवला. कपाटाच्या दाराला चिकटवलेली चिठ्ठी, आईच्या अक्षरात: "सकाळ, रात्र. मग चूळ भरणे. शनिवारी पोरीला दाखवणे."