दिव्याखाली घडलेली भांग

प्रश्न : सर, हिमाचलात कसोलला गेलो तेव्हा रस्त्याकडेची भांगेची झाडं माझ्या डोक्यावर गेलेली पाहिली. मुलगा कॅनडात असतो. तिथे बहुतेक प्रांतांत २०१८पासून घरी चार झाडं लावायला परवानगी आहे. त्याच्या शेजाऱ्याने कपाटात दिव्याखाली वाढवलेलं झाड जेमतेम दोन फुटांचं, पण फुलांनी लगडलेलं! झाड एकच, मग एवढा फरक कसा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, थोडा फरक कुंडीचा आणि छाटणीचा आहे. उरलेला समजायला मला नौपाड्यातली माझी शेवंती उपयोगी पडली. एकाच रोपाचे फुटवे दोन कुंड्यांत लावले होते. आतली कुंडी नोव्हेंबरात फुलली. कठड्यावरच्या कुंडीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडायचा. ती नुसती पानंच काढत राहिली. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. भांगेलाही तशीच लागते, म्हणून बंद खोलीत दिव्याचे तास कमी केले की ती फुलते.

पण सगळ्या जाती सारख्या फुलत नाहीत. केरळ, थायलंड, कोलंबियाकडच्या जाती फुलोऱ्यावर आल्यावरही उंच होत राहतात आणि तीन-तीन महिने घेतात. छत आठ फुटांचं आणि विजेचं बिल दरमहा, तिथे अशी झाडं परवडत नाहीत. अफगाणिस्तानातल्या हिंदुकुश डोंगरांतली भांग मात्र बुटकी, दाट आणि दोनेक महिन्यांत तयार होणारी, कारण तिथे थंडी लवकर पडते. १९८३पासून कॅलिफोर्नियात पोलीस हेलिकॉप्टरमधून भांगेची बेकायदा पिकं हुडकायला लागले, तशी लागवड आणखी घरात शिरली आणि या अफगाणी रक्ताला भाव आला. 'स्कंक नंबर वन' हा संकर त्याआधीचा, १९७०च्या दशकातला. त्यात अफगाणी, मेक्सिकन आणि कोलंबियन जाती आहेत. पुढे हॉलंडमध्ये त्याच्यावरून कितीतरी वाण निघाले.

मला खरी हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. घरात नर झाडाला जागाच देत नाहीत, कारण परागकण पडले की मादीच्या फुलात बी धरतं आणि नशेची चिकट राळ कमी होते. (नर उपटणं आपल्याकडेही जुनंच. बंगालात ते ओळखणाऱ्या जाणकाराला पोद्दार म्हणत.) पण शेतात बी पुढे चालायचं. इथे एका चांगल्या मादीच्या फांद्या तोडून तीच पुन्हा पुन्हा लावतात. वारा, पाऊस, दुष्काळ यांतून तावून निघणं थांबलं. निवड उरली ती राळेची आणि नशेची. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १९९५मध्ये सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४मध्ये १२च्या घरात गेलं आणि नशा न आणणारं सीबीडी घटलं. घरातली लागवड हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण मोठं नक्कीच आहे.

कपाटातलं झाड मोकळ्या रानात लावलं असतं तर तेही बरंच उंच झालं असतं. पण कसोलचं झाड त्या कपाटात मावलं नसतं, म्हणूनच त्याच्यासारख्यांना या निवडीत जागा मिळाली नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय ही लागवड १९८५च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा प्रयोग करायचा तर शेवंतीवर करा. कठड्यावरच्या माझ्या कुंडीवर संध्याकाळी सहाला काळं फडकं टाकायला लागलो, तेव्हा कुठे ती कळ्यांवर आली.