एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन ही नावं एकाच माणसाची का?

नाही, माणसं दोन. कॉलेज काकांच्या नावाचं, स्टेशन पुतण्याच्या. मीही बरीच वर्षं दोघांना एकच समजत होतो. मग एकदा या स्कॉटिश घराण्याचा वंशवृक्ष कागदावर काढून बसलो आणि उलगडा झाला.

काका म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९). खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याचे रेसिडेंट, नंतर १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर. पुतण्या जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन (१८०७–१८६०), १८५३ ते १८६० गव्हर्नर. १८५७ च्या धामधुमीत मुंबई इलाखा त्यांच्या हाती होता. आजच्या हॉर्निमन सर्कलचं जुनं नाव एल्फिन्स्टन सर्कल, तेही या जॉनचंच. स्टेशन २०१८ साली प्रभादेवी झालं.

घोटाळा होतो तो ‘लॉर्ड’ या शब्दामुळे. मराठीत पुष्कळ ठिकाणी ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट’ असं छापलेलं सापडतं, ते चूक आहे. पदवी थोरल्या मुलाकडे जायची आणि माउंटस्टुअर्ट अकराव्या लॉर्डचे चौथे चिरंजीव. पदवी मिळाली थोरल्या भावाला, तो बारावा. त्याचा मुलगा हा आपला जॉन, तेरावा. हे आकडे पिढ्यांचे नाहीत, पदवी किती जणांकडे आली त्याचे आहेत. पहिले दोन्ही लॉर्ड इंग्रजांशी लढताना पडले, एक १५१३ साली फ्लॉडनला, दुसरा १५४७ साली पिंकीला. त्याच घराण्याची मुलं पुढे कंपनी सरकारची चाकरी करायला हिंदुस्थानात आली, हे वाचून मी थबकलोच होतो.

धाकट्या मुलांना जमीन नाही, पदवी नाही. मग आरमार, फौज किंवा कंपनी. माउंटस्टुअर्टचे एक चुलते जॉर्ज कीथ आरमारात ॲडमिरल झाले. दुसरे, विल्यम फुलर्टन, ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर होते. माउंटस्टुअर्ट सोळा-सतरा वर्षांचे असताना कलकत्त्याला नोकरीवर रुजू झाले, ते असं पाठबळ असलेल्या घरातून.

याच विल्यम यांचा मुलगा जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, म्हणजे माउंटस्टुअर्टचा सख्खा चुलत भाऊ. माउंटस्टुअर्ट १८०८ साली काबूल दरबाराकडे वकील म्हणून निघाले, पेशावरला अफगाण बादशहा शाह शुजाला भेटले आणि अफगाण मुलखावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे तोच शाह शुजा इंग्रजांनी काबूलच्या गादीवर बसवला आणि त्याच्या पाठीशी ठेवलेल्या फौजेचा सेनापती झाला हा चुलत भाऊ. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ती फौज जवळजवळ सगळी कापली गेली, तिच्यात हिंदी शिपाई मोठ्या संख्येनं होते. जनरल कैदेतच वारला. त्या बातम्या आल्या तेव्हा माउंटस्टुअर्ट इंग्लंडात निवृत्त आयुष्य जगत होते. वंशवृक्षातल्या या दोन शेजारच्या नावांपाशी मी अजूनही रेंगाळतो.

काका-पुतणे दोघेही अविवाहित. जॉन वारल्यावर पदवी त्याच्या चुलत भावाकडे, म्हणजे माउंटस्टुअर्टच्याच दुसऱ्या पुतण्याकडे गेली. चौदावा लॉर्ड झालेला हा भाऊही १८६१ मध्ये वारला, तोही निपुत्रिक. थोरली शाखा तिथे खुंटली. पंधरावा लॉर्ड झाला कंपनीच्या त्या डायरेक्टरचा नातू, काबूलच्या जनरलचा पुतण्या, आणि पदवी पुढे त्याच्याच वंशात राहिली.