शाखेतील माणसांची कामगिरी कशी जोखावी: नव्या शाखा व्यवस्थापकास पत्र

प्रिय तरुण सहकारी,

सप्रेम नमस्कार.

शाखेची सूत्रे हाती घेताच विभागीय कार्यालयाच्या आढावा बैठकीत ‘प्रति कर्मचारी व्यवसाय’ कमी असल्याचा खुलासा तुम्हाला द्यावा लागला, आणि आता कर्मचाऱ्यांकडून अधिक काम कसे करून घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. उपाय शोधण्यापूर्वी हा आकडा नेमका कशाचा आहे, ते पाहू.

ठेवी आणि कर्जे यांच्या बेरजेला कर्मचाऱ्यांच्या संख्येने भागले की तो निघतो. औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत एखादे मोठे कॅश क्रेडिट खाते (व्यापार-उद्योगाला ठरावीक मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल देणारे कर्जखाते) आणि एका कंपनीची मुदत ठेव असली, तरी तो फुगलेला दिसतो. तुमच्यासारख्या तालुक्याच्या गावी मात्र जनधनची खाती, निवृत्तिवेतनधारक आणि पीक कर्जाचे शेकडो लहान खातेदार सांभाळताना माणसे दिवसभर राबली, तरी तो जागचा हलत नाही. सातबारा आणि आठ-अ तपासणे, थकबाकी नसल्याची खात्री करणे, बोजाची नोंद पाहणे, सह्या घेणे आणि सीबीएसमध्ये (बँकेच्या मध्यवर्ती संगणक प्रणालीत) नोंद करणे, हे श्रम कर्ज ८० हजारांचे असो वा ३ लाखांचे, जवळपास सारखेच असतात. विभागाला आकडा वेळेवर द्या, तो सुधारण्याचे प्रयत्नही करा. परंतु खिडकीवर बसलेल्या माणसाची योग्यता त्यावरून ठरवू नका, कारण त्यातला फारच थोडा भाग त्याच्या हातात असतो.

जे त्याच्या हातात आहे, ते मोजा. रोखपालाच्या कामात अचूकता आणि रांगेचा निपटारा पाहावा. वाहन किंवा गृहकर्जाचा हप्ता चुकला, तर पहिल्या ३० दिवसांत, म्हणजे खाते एसएमए-० या थकबाकीच्या पहिल्या इशारा-वर्गात असतानाच, कर्जदाराशी कोणी बोलले का, हे पाहावे. ९० दिवस उलटून खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बुडीत होण्याच्या वाटेवरचे) झाल्यावर केलेल्या धावपळीपेक्षा तो एक फोन मोलाचा असतो. मृत खातेदाराच्या वारसांचा दावा कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि तो पाळणारा कर्मचारी चांगला कर्मचारी असतो, मग त्याने त्या महिन्यात एकही नवे खाते उघडलेले नसो.

कर्ज प्रस्तावांसाठी एक साधी वही ठेवा: अर्ज कधी आला, कोणाकडे किती दिवस थांबला आणि कशासाठी थांबला. महिनाभरात असे दिसण्याचा संभव फार आहे की, ज्याला आपण एखाद्याची दिरंगाई समजत होतो, ती प्रत्यक्षात एका टप्प्यावरची कोंडी आहे: कधी पॅनेलवरील वकिलांचा शोध अहवाल (मालमत्तेच्या मालकीची तपासणी) आलेला नसतो, कधी नोंदी तपासून मान्य करणारा अधिकारी एकच असतो आणि नेमका दुपारी तोच रोख व्यवहारांत अडकलेला असतो. अशा वेळी कारकुनाला बोल लावून काहीही साधत नाही. कामाची वाटणी आणि वेळा तुम्हालाच बदलाव्या लागतील, आणि माझ्या मते शाखा व्यवस्थापकाच्या हाती उत्पादकता वाढवण्याचे याहून मोठे साधन नाही.

वेतनवाढ किंवा बढती तुमच्या अखत्यारीत नाही, हे इथे ध्यानात असू द्या. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातील ११ नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या द्विपक्षीय वेतन करारात सार्वजनिक बँकांसाठी जो कामगिरीनिगडित प्रोत्साहन भत्ता ठरला, तोही संपूर्ण बँकेच्या कार्यकारी नफ्यातील (तरतुदी आणि कर वजा करण्यापूर्वीच्या नफ्यातील) वाढीशी जोडलेला होता: वाढ ५ ते १० टक्के असेल तर ५ दिवसांचे वेतन, १५ टक्क्यांच्या वर गेली तर १५ दिवसांचे. एका खिडकीवरचे चांगले काम त्यात वेगळे दिसत नाही. ते दिसते ते केवळ तुमच्या नजरेत आणि तुमच्या लेखणीत.

उद्दिष्टांचा ताण वरून येतच राहील, पण तो जसाच्या तसा खाली ढकलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने एकेका कुटुंबाला ८ उत्पादने विकण्याचा ध्यास घेतला. २०१६ मध्ये उघड झाले की ग्राहकांच्या संमतीशिवाय लाखो खाती उघडली गेली होती. बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी नोकरीला मुकले आणि अखेर शाखांतील विक्रीची उद्दिष्टेच रद्द करावी लागली. आपल्याकडे कर्ज किंवा लॉकर देताना विमा पॉलिसी गळ्यात मारली जाते, ती याच रोगाची लागण आहे. रोज संध्याकाळी ‘आज किती पॉलिसी?’ एवढेच विचारले गेले, तर कर्मचारी पॉलिसीच आणतील. कशी आणली, हे मात्र ग्राहकाच्या तक्रारीतून कळेल.

वार्षिक मूल्यमापन अहवालासाठी मार्चची वाट पाहू नका. दर महिन्याला प्रत्येकाविषयी दोन-तीन ओळी तारखेसह लिहून ठेवा आणि त्यातले उणे त्या माणसाला त्याच आठवड्यात, दार लावून, सांगा. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, सार्वजनिक सेवकाच्या अहवालातील प्रत्येक शेरा, तो अनुकूल असला तरीही, त्याला कळवला पाहिजे. सर्वांना सरसकट ‘उत्तम’ देऊन वाद टाळणे मला अन्यायाचे वाटते, कारण जो खरोखर राबला त्याच्या वाट्याला त्यातून काहीच येत नाही.

क्षमता असूनही काम टाळणारा एखादा भेटेलच. त्याला आधी निश्चित काम आणि निश्चित मुदत लेखी द्या, प्रशिक्षण हवे असल्यास पाठवा, आणि तरीही फरक पडला नाही तर नियमानुसार कारवाईचा प्रस्ताव करताना कचरू नका. त्याचे काम आज दुसरे कोणीतरी निमूटपणे ओढत असते.

रजा अडवून काम वाढत नाही. संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान १० कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने जोखीम नियंत्रणासाठी केली आहे. त्यातून दुसऱ्याला ते काम शिकवण्याची गरज आपोआप पुढे येते, तिचा उपयोग करून घ्या.

पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी तयार झाल्या की त्यांवर बोलू. मला दाखवताना मात्र कर्मचाऱ्यांची आणि खातेदारांची नावे वगळा.

आपला हितचिंतक,
एक निवृत्त बँक अधिकारी