नाव न लावता देणगी घेतली तर?

प्रश्न : ठेवीदारांच्या फसवणुकीबद्दल शिक्षा भोगून आलेले एक धनाढ्य गृहस्थ आमच्या वाचनालयाला मोठी रक्कम देऊ करतात. पाटी नको, नावही नको म्हणतात. काही विश्वस्त म्हणतात, पैसा चांगल्या कामाला लागतोय, मग हरकत काय?
– एक विश्वस्त

उत्तर : हरकत आहे, आणि नाव दडवल्याने ती वाढते. अमेरिकेत जेफ्री एप्स्टीन या धनाढ्य गुंतवणूक सल्लागाराला २००८ मध्ये अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी मिळवल्याबद्दल शिक्षा झाली. तरी तिथल्या एमआयटी या नामांकित विद्यापीठाने त्यानंतर त्याचे साडेसात लाख डॉलर घेतले. २०१३ मध्ये तिथल्या तीन उपाध्यक्षांना हे कळलं. त्यांनी देणग्या थांबवल्या नाहीत. रकमा लहान असाव्यात, गाजावाजा नको, एवढंच ठरवलं. लपवावं लागतंय हे ज्याला कळतं, त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

हार्वर्ड विद्यापीठाने शिक्षेनंतर एप्स्टीनचा पैसा नाकारला. पण २०१० ते २०१८ या काळात तो तिथल्या एका संशोधन केंद्रात चाळीसहून अधिक वेळा आला. तिथे त्याच्यासाठी खोली होती, आत शिरायला की-कार्ड होतं. अशा माणसाला पाटीपेक्षा मोठ्या लोकांतली ऊठबस हवी असते. ती पाहून पुढचा माणूस निर्धास्त होतो, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला वाटतं, याच्याविरुद्ध आपलं कोण ऐकणार? तुमच्या गावात हे बुडालेल्या ठेवीदारांना वाटेल.

म्हणून आधी या गृहस्थांच्या खटल्याचं निकालपत्र वाचा. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर शोधा, नाहीतर न्यायालयातून नक्कल काढा. ठेवी परत मिळाल्या का, ते ठेवीदारांनाच विचारा. मिळाल्या नसतील तर त्या पैशावर पहिला हक्क त्यांचा, वाचनालयाचा नव्हे. पैसा गुन्ह्यातला आहे हे माहीत असून घेतला, तर मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली विश्वस्तही अडकू शकतात.

निनावी देणगीही वाटते तितकी सोपी नाही. करसवलतीची पावती द्यायची तर देणगीदाराचं नाव आणि पॅनसारखा ओळख क्रमांक आयकर खात्याला कळवावाच लागतो. नोंदच ठेवली नाही, तर ठरावीक मर्यादेपुढच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो.

विषय सभेपुढे ठेवा आणि कोण बाजूने, कोण विरोधात हे इतिवृत्तात नावानिशी लिहा. नकार लेखी कळवा. या गृहस्थांना वाळीत टाकावं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांना इतरांसारखं सभासद होऊ द्या, पुस्तकं नेऊ द्या. वर्धापनदिनाच्या व्यासपीठावर मात्र बसवू नका.