‘दोन तास झाले, वाट पाहतोय’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

प्रश्न असा आहे: ‘मी दोन तासांपासून वाट पाहतोय’ याचं इंग्रजी ‘आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू अवर्स’ असं केलं की चूक काढतात. मराठीत हा सरळ चालू वर्तमानकाळ आहे, मग इंग्रजीत मध्येच ‘हॅव बीन’ कुठून आलं? आणि प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसचं सूत्र पाठ असूनही बोलताना तो तोंडात येत नाही, तर त्याचा सराव कसा करावा?

तोंडात येत नाही, कारण मराठीत विचार करणाऱ्याला त्याची गरजच भासत नाही. ‘पाहतोय’ हे क्रियापद फक्त ‘आत्ता चालू आहे’ एवढंच सांगतं. ते कधी सुरू झालं हे सांगायचं काम आपण ‘गेले’, ‘झाले’, ‘पासून’ या शब्दांवर सोपवतो आणि क्रियापदाला हातही लावत नाही. यात मराठी एकटी नाही. हिंदीत ‘दो घंटे से इंतज़ार कर रहा हूँ’ म्हणतात, जर्मन आणि फ्रेंच माणूसही अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळच वापरतो. वेगळी वाट धरली आहे ती इंग्रजीने. ‘आय अ‍ॅम वेटिंग’ म्हटलं की इंग्रजी कानाला फक्त हा क्षण दिसतो, त्याला मागचे दोन तास जोडता येत नाहीत. मागे वळून पाहायचं असेल तर ते क्रियापदानेच पाहिलं पाहिजे, असा त्या भाषेचा आग्रह आहे. म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग’. ‘हॅव’ मागच्या काळाला आजशी बांधतं आणि ‘वेटिंग’मधलं ‘इंग’ क्रिया चालती ठेवतं. ही रचना नवी नाही, चौदाव्या शतकातल्या इंग्रजीतही ती सापडते.

‘आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू अवर्स’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि समोरच्याला ते समजतंही. पण प्रमाण इंग्रजीत त्या एका वाक्यात दोन चुका धरतात. एक ‘अ‍ॅम’ची आणि दुसरी ‘सिन्स’ची. दुसरी आधी निकालात काढू, कारण तिच्यावरचा उपाय मराठीतच आहे.

आपलं ‘पासून’ दोन्ही कामं करतं. ‘दोन वाजल्यापासून’ आणि ‘दोन तासांपासून’ ही दोन्ही रूपं चालतात. (मला स्वतःला ‘गेले दोन तास’ किंवा ‘दोन तास झाले’ हे जास्त मराठी वाटतं, पण ‘दोन तासांपासून’ आता इतकं रुळलंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.) इंग्रजीत मात्र सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’ आणि काळाच्या लांबीला ‘फॉर’. वर्गात हे ‘पॉइंट ऑफ टाइम’ आणि ‘पीरियड ऑफ टाइम’ असं शिकवतात आणि विद्यार्थी ते विसरतात. त्याऐवजी वाक्यात ‘पासून’ काढून ‘झाले’ किंवा ‘झाली’ घालून पाहा. ‘तीन वर्षं झाली, शिकतेय.’ बसलं, म्हणजे ‘फॉर थ्री इयर्स’. ‘सोमवार झाला, शिकतेय’ हे आपल्याला हवं ते सांगत नाही, तिथे ‘सोमवारपासून’च हवं, म्हणजे ‘सिन्स मंडे’. ‘लहानपणापासून’, ‘२०१५पासून’, ‘ती गेल्यापासून’ यांतल्या कशालाच ‘झाले’ लागत नाही. म्हणून ‘सिन्स चाइल्डहूड’, ‘सिन्स २०१५’, ‘सिन्स शी लेफ्ट’. या ‘पासून’साठी ‘फ्रॉम’ही घेऊ नये. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फ्रॉम २०१५’ अडखळतं, कारण ‘फ्रॉम’ला बहुतेक वेळा पुढे ‘टू’ किंवा ‘टिल’ची जोड लागते.

आता ‘हॅव बीन’कडे. मराठीत त्याच्या जवळ जाणारं काही आहे का? आहे. ‘मी हे वर्षानुवर्षं सांगत आलोय’ यातलं ‘-त आलोय’. मागून आजपर्यंत येणारी सलगता इथे आपल्या क्रियापदातही उतरते. ‘आय हॅव बीन सेइंग धिस फॉर इयर्स’ हे त्याचं अगदी चपखल इंग्रजी. शिकवताना मी नेहमी इथूनच सुरुवात करते, कारण ही रचना परकी नाही हे विद्यार्थ्याला एकदा जाणवलं की त्याची धास्ती कमी होते. फक्त आपलं ‘-त आलोय’ पुन्हा पुन्हा किंवा परंपरेने होणाऱ्या गोष्टींपुरतं आहे. ‘मी दोन तास वाट पाहत आलोय’ असं कोणी म्हणत नाही. इंग्रजी ‘हॅव बीन’चा पसारा त्याहून बराच मोठा आहे.

यापुढचा भाग जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक व्याकरणाच्या पुस्तकांत तो नसतो आणि मराठी माणूस नेमका तिथेच घसरतो.

सर्वसाधारणपणे, जिथे मराठीत काळाच्या लांबीसोबत ‘-तोय, -तेय, -तंय’ येतं तिथे इंग्रजीत ‘हॅव बीन’ आणि ‘इंग’. ‘सकाळपासून पाऊस पडतोय’, ‘महिनाभर ती अभ्यास करतेय’. इथवर अडचण नाही. पण आपली काही क्रियापदं चालू काळात बसतच नाहीत. ‘मी तासभर इथे बसलोय’ असं आपण म्हणतो, ‘बसतोय’ नाही. ‘बाळ तीन तास झोपलंय’, ‘तो कधीचा उभा आहे’, ‘दोन दिवस त्याने तोच शर्ट घातलाय’. मराठीला यात क्रिया उरकलेली आणि तिची अवस्था टिकलेली दिसते, म्हणून रूप पूर्ण काळाचं. त्याचं शब्दशः भाषांतर केलं की ‘आय हॅव सॅट हिअर फॉर अ‍ॅन अवर’ तयार होतं. व्याकरणाने ते चूक नाही, पण आत्ताही बसलोय हे सहजपणे सांगायचं तर इंग्रजी माणूस ‘आय हॅव बीन सिटिंग हिअर’ म्हणेल. तसंच ‘द बेबी हॅज बीन स्लीपिंग’, ‘ही हॅज बीन स्टँडिंग’, ‘ही हॅज बीन वेअरिंग द सेम शर्ट’. बसणं, उभं राहणं, झोपणं, आडवं होणं, अंगावर घालणं या क्रियापदांची मनात वेगळी खूण करून ठेवावी. इथे मराठी रूपावर विसंबू नये.

उलट, ‘आहे’ आणि साधं ‘-तो’ यांच्या बाबतीत मराठी कान चांगला वाटाड्या ठरतो. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’. ‘ओळखतोय’ असं आपणही म्हणत नाही. इंग्रजीतही ‘हॅव बीन नोइंग’ होत नाही, ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ होतं. ‘मला सोमवारपासून ताप आहे’ याचं ‘आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स मंडे’. ‘हॅव हॅड’ विचित्र वाटतं म्हणून पुष्कळजण ‘आय हॅव फीव्हर सिन्स मंडे’ म्हणतात, पण तिथेही पूर्ण काळच हवा. ‘तो आठवडाभर आजारी आहे’ म्हणजे ‘ही हॅज बीन इल फॉर अ वीक’. या वाक्यात ‘बीन’ हे ‘आहे’चंच रूप आहे, पुढे ‘इंग’ची गरज नाही. मालकी, ओळख, विश्वास, आवड या स्थिती आहेत, क्रिया नाहीत. त्यांना इंग्रजी सहसा चालतं करत नाही. अपवाद आहेतच. ‘तुम्हाला भेटायचंच होतं केव्हापासून’ यासाठी ‘आय हॅव बीन वॉन्टिंग टू मीट यू’ छान चालतं.

राहणं आणि काम करणं या दोन क्रियापदांना दोन्ही रूपं शोभतात. ‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’ आणि ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’ यांत फरक अगदी बारीक आहे. ‘लिव्हिंग’मध्ये थोडा तात्पुरतेपणा येऊ शकतो, एवढंच.

या काळाचा एक उपयोग मात्र ‘पासून’ आणि ‘झाले’ यांच्या पलीकडचा आहे, आणि मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो. क्रिया संपलेली असते, पण तिच्या खुणा समोर दिसत असतात. रस्ते ओले दिसले की ‘इट हॅज बीन रेनिंग’. कोणाचे डोळे लाल दिसले की ‘यू हॅव बीन क्रायिंग’. हाताला रंग लागलेला दिसला की ‘हॅव यू बीन पेंटिंग?’ इथे काळाची लांबी सांगायची नसते आणि क्रिया आत्ता चालूही नसते. मराठीत आपण ‘पाऊस पडून गेलेला दिसतोय’, ‘रडत होतीस वाटतं’ असं म्हणतो. तर्काने काढलेला निष्कर्ष आपण ‘वाटतं’, ‘दिसतंय’ असे वेगळे शब्द जोडून दाखवतो, इंग्रजी तो काळातूनच सुचवू शकतं. सरावाच्या पुस्तकात अशी वाक्यं कमी असतात, त्यामुळे ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ नसेल तर हा काळ येतच नाही असा समज पक्का होतो. तो खोडून काढायला हवा.

पूर्ण आणि चालू-पूर्ण यांतली निवड ‘किती’ या एका शब्दाने बरीचशी सुटते. ‘किती वेळ?’ विचारायचं असेल तर ‘बीन’, ‘किती नग?’ विचारायचं असेल तर साधा पूर्ण काळ. ‘आय हॅव बीन रायटिंग लेटर्स ऑल मॉर्निंग’, पण ‘आय हॅव रिटन थ्री लेटर्स’. ‘आय हॅव बीन रायटिंग थ्री लेटर्स’ कानाला खटकतं. ‘आय हॅव रेड द बुक’ म्हणजे वाचून झालं. ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ म्हणजे वाचन चाललं होतं किंवा चाललं आहे, शेवटचं पान आलं की नाही ते यात कळत नाही.

नकारात पुन्हा सावध राहायचं. ‘दोन वर्षं झाली, तो भेटला नाही’ यात ‘झाली’ आहे म्हणून ‘फॉर टू इयर्स’ बरोबर, पण क्रियापद ‘आय हॅवन्ट सीन हिम’. जे घडलंच नाही ते चालतं कसं दाखवायचं? मात्र ‘हल्ली मला नीट झोप लागत नाहीये’ हे ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल’. इथे झोप आहे, ती नीट नाही.

आता सरावाबद्दल. गाळलेल्या जागा भरून हा काळ हाताशी येईल, तोंडाशी येणार नाही. छापील वाक्यात ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसलं की उत्तर आपोआप कळतं, विचार करावाच लागत नाही. त्यापेक्षा तुमच्या आयुष्यात सुरू झालेल्या आणि अजून न संपलेल्या गोष्टी घ्या: शिकणं, शोधणं, वाट पाहणं, टाळणं, दुखणं. प्रत्येकीचं आधी मराठी वाक्य म्हणा, ‘झाले’ बसतं का पाहा, क्रियापद ‘-तोय’ आहे, ‘बसलोय’सारखं आहे की ‘आहे’वालं, ते ओळखा, मगच इंग्रजी वाक्य मोठ्याने बोला. वाक्य खरं असणं महत्त्वाचं आहे. खऱ्या गोष्टीला आपण सहज पुढचं वाक्य जोडतो, आणि बोलण्यातला काळ तिथेच पक्का होतो. मग खुणांवरून तर्क करायचा सराव करा: समोर दिसलेल्या एखाद्या खुणेवरून काय घडून गेलं असेल, ते ‘बीन’ने म्हणायचं.

ऐकण्याचा सरावही यातच धरा. वेगाने बोलताना ‘आय हॅव बीन’ आकसून ‘आयव्ह बिन’ होतं, ‘शी हॅज बीन’ ‘शीज बिन’ होतं. ‘हॅव’ तर जवळजवळ विरून जातं. जो शब्द कानावर पडत नाही तो तोंडातही येत नाही, म्हणून तुम्हीही आकसलेलं रूपच म्हणा.

दोघांत सराव करत असाल तर विचारणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. आपल्या ‘कधीपासून?’साठी ‘सिन्स व्हेन?’ चटकन सुचतं, पण इंग्रजीत त्याला बऱ्याचदा ‘हे कधीपासून चाललंय रे?’ असा आश्चर्याचा किंवा हरकतीचा सूर येतो. साधी चौकशी करायची तर ‘हाउ लाँग हॅव यू बीन लर्निंग?’ असं विचारावं, आणि उत्तर ‘फॉर’ने द्यायचं की ‘सिन्स’ने, ते उत्तर देणाऱ्यावर सोडावं.