ब्रिटनमध्ये चौकशी चालू असताना नर्सच्या कामावर येणारे अंतरिम निर्बंध

आपण लातूरहून विचारले आहे की, ब्रिटनमध्ये नर्सविरुद्ध कुणी तक्रार केली तर चौकशी पूर्ण होण्याआधीच तिची नर्स म्हणून असलेली नोंदणी जाते का. नोंदणी जात नाही. मात्र काम थांबू शकते, आणि हा फरक निघण्यापूर्वीच समजून घ्यावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

इथली नियामक संस्था म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिल. आरोप गंभीर असेल, तर तिचे पॅनल लोकांच्या संरक्षणासाठी, जनहितासाठी किंवा खुद्द नर्सच्या हितासाठी अंतरिम, म्हणजे चौकशी चालू असतानाचा तात्पुरता, आदेश देऊ शकते. कधी तो अटींचा असतो, जसे देखरेखीशिवाय औषधे न देणे. कधी थेट निलंबनाचा. आदेश जास्तीत जास्त १८ महिन्यांचा असतो, पहिला फेरआढावा ६ महिन्यांच्या आत होतो, आणि मुदत वाढवायची असल्यास काउन्सिलला न्यायालयात जावे लागते. आदेश चालू असेपर्यंत तो सार्वजनिक नोंदवहीत दिसतो.

असा आदेश द्यायचा का, हे ठरवणाऱ्या सुनावणीत दोष सिद्ध होत नाही. सध्या धोका किती आहे, एवढेच पॅनल पाहते. म्हणूनच, आपले निरपराधित्व पुढे केव्हातरी सिद्ध होईलच या भरवशावर गप्प राहणे फार महागात पडते, कारण आपण हजर नसलो तरी निर्णय होतो आणि तो समोर असलेल्या कागदांवरच होतो. आपल्याकडे वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर किंवा मेट्रन सांभाळून घेतील, अशी सवय असते. इथे त्यांचे मत लेखी मागून, झालेल्या प्रशिक्षणाच्या दाखल्यांसह पॅनलपुढे ठेवावे लागते. सौम्य अटींवर काम चालू ठेवता येईल, हे पटवण्याची खरी संधी हीच असते.

रुजू होताच रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग किंवा युनिसन या कर्मचारी संघटनेचे सदस्यत्व घ्यावे. रुग्णालयाचे कायदेशीर संरक्षण रुग्णांच्या दाव्यांसाठी असते, काउन्सिलपुढे आपली बाजू मांडण्यासाठी नव्हे. आणि सदस्य होण्यापूर्वीच्या घटनेसाठी संघटनेची मदत सहसा मिळत नाही.

व्हिसाची बाजू अधिक नाजूक आहे. आदेशामुळे व्हिसा आपोआप रद्द होत नाही, पण नोकरी गेली तर ज्यावर व्हिसा टिकून असतो ते मालकाचे प्रायोजकत्व संपते आणि दुसरा मालक शोधायला साधारणतः ६० दिवस मिळतात. घरच्या शेतीवर कर्ज काढून निघणार असाल, तर निलंबनाच्या काळात पगार मिळेल का, हे करारावर सही करण्याआधी मालकाला लेखी विचारून घ्यावे.